शेजारसाक्ष

"ताई, तुम्ही कुणाचं नाव सांगितलंत?"

विचारलं. टाकलं एकदाचं विचारून. घाटाच्या पायऱ्यांवर, भर सकाळी, सगळ्या होडीआळीला ऐकू जाईल अशा आवाजात. माझा आवाज मुळातच मोठा. बाबा म्हणायचे, या पोरीला कानात काही सांगायचं तर आधी दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

पैज बकुळने लावली होती. "एवढी तांबडी नदी पोहून पार केलीस ना? मग हेही करून दाखव. जा आणि विचार तिला." ती आणि मंदी डांबर लावायला उपड्या घातलेल्या होडीमागे लपून बसल्या होत्या. मी तेव्हा नववीत होते. नदी पार करणारी आळीतली पहिली मुलगी म्हणून माझे पाय जमिनीवर नव्हते. कुणी म्हणावं की निरू, तुला अमुक जमणार नाही, की मी ते करायला निघालेच.

द्वारकाताई खालच्या पायरीवर बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून. त्या आळीतल्या मुलींना पोहायला शिकवायच्या. कमरेला दोर बांधून, पाठीवर सुका भोपळा बांधून, त्यांनी किती मुलींना पाण्यात लोटलं असेल! आधी लोटायच्या आणि मग म्हणायच्या, "घाबरू नकोस, मी आहे ना." त्या दिवशी त्यांच्या शेजारी भोपळे तसेच ठेवलेले होते, दोर नीट गुंडाळलेला होता. मुलगी एकही नव्हती. त्या परत आल्यापासून एकही आली नव्हती. तरी त्या रोज त्याच वेळी येऊन बसत.

परत आल्या म्हणजे जागलीतून.

शाही जागल म्हणजे सम्राटांचं हेरखातं. नुसतं जागल म्हटलं तरी मोठी माणसं इकडेतिकडे बघायची. आमच्या सातनावसारख्या आडगावातसुद्धा जागलीचं एक पांढरंशुभ्र घर होतं, पुढे बाग, बागेत मोगरा. जागले कधी दार फोडायचे नाहीत, कुणाला ओढून न्यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर चपला काढायचे, रस्त्याकडे टोकं करून नीट जोडून ठेवायचे आणि म्हणायचे, "आपण जरा येता का?" सकाळी दारं उघडली की आळी आधी एकमेकांच्या उंबऱ्याकडे बघायची. कुणाच्या दारात अशा चपला दिसल्या की बाकीची दारं लागायची.

बरेचसे परत यायचेच नाहीत. पण काही यायचे, आणि ते जास्त वाईट होतं. ते यायचे गुटगुटीत होऊन. नवे कोरे कपडे घालून, हातात पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन. तो पुडा आळीत घरोघर वाटायचा, असा नियम. सम्राटांचा पेढा नाकारणं हा गुन्हा, म्हणून प्रत्येक घर तो घ्यायचं आणि नंतर माशांना घालायचं. त्यानंतर त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही. जागलीत जाऊन कुणी जाड होऊन परत येतं का? बोलला असणार. त्याशिवाय सोडलाच नसता. हे आळीला एवढं पक्कं ठाऊक होतं की त्यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही.

द्वारकाताई हिरव्या इरकलीत परत आल्या होत्या. गाल वर आलेले. आणि त्यांना नेल्यावर दोनच दिवसांनी बकुळच्या काकांना नेलं होतं. ते अजून आले नव्हते.

"कुणाचं नाव सांगितलंत?" मी पुन्हा विचारलं, कारण त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

"ऐकू आलं गं पहिल्यांदाच," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या काठालासुद्धा ऐकू गेलं असेल." मग त्यांनी मान वळवली. "त्या होडीमागची ती लाल रिबीन बकुळचीच ना? बकुळ, ये गं पुढे. उन्हात कशाला बसलीस?"

बकुळ उभी राहिली. तिचे डोळे रडून रडून बारीक झाले होते.

"तुझ्या काकांचं नाव मी घेतलं नाही बाळ."

"सगळे असंच म्हणतात," बकुळ म्हणाली. "लुगडं छान आहे तुमचं." आणि पायरीवर थुंकली. मंदीने तिचा हात धरला आणि दोघी आळीकडे पळाल्या. पैज मी जिंकले होते, पण जिंकल्याचं सांगायला कुणी थांबलं नाही.

मी पण जाणार होते. खरंच. पण ताईंनी त्या थुंकीवर ओंजळभर पाणी टाकलं, पायरी हाताने पुसली आणि म्हणाल्या, "तू विचारलंस ना? मग उत्तर ऐकून तरी जा. दुसऱ्या कुणी विचारलंच नाही मला."

मी दोन पायऱ्या वर बसले. अगदी शेजारी नाही.

"काय विचारलं त्यांनी तुम्हाला?"

"काही नाही."

"ताई!"

"अगं, खरंच काही नाही. मलाच नवल वाटलं. मच्छरदाणीचा पलंग दिला. सकाळी शिरा, दुपारी माशाचं कालवण, संध्याकाळी पुन्हा काहीतरी गोड. एक साहेब यायचा. तरुण, तुझ्या मोठ्या भावासारखा म्हण ना. 'ताई, आपण रोडावलात. खा.' बस, एवढंच."

"आणि तुम्ही खाल्लंत?" मला ते फार वाईट वाटलं. मी असते तर ताट भिरकावलं असतं, असं मनात आलं. तेव्हा मला मी फारच शूर वाटायचे.

"पहिल्या दिवशी नाही खाल्लं," ताई म्हणाल्या. "ताट तसंच सरकवलं. मग शेजारच्या खोलीत कुणीतरी ओरडायला लागलं. बाई होती. मला वाटलं, असेल तिचं काहीतरी. दुसऱ्या वेळी ताट आलं, मी हात लावला नाही, पुन्हा ओरडणं सुरू. मग मी एक घास घेतला. ओरडणं थांबलं."

खालून एक मचवा चालला होता. त्यावरच्या माणसाने सवयीने हात वर केला, मग कोण बसलंय ते दिसलं तसा खाली घेतला.

"मी खात राहिले," ताई म्हणाल्या. "ताट चाटून पुसून. पोट फुटेस्तोवर. कोण होती ती बाई, ते अजून माहीत नाही. तुम्हाला दिसतात ते हे गाल. आणि हे असं करून मला का पाठवलं, ते इथे आल्यावर कळलं. त्यांना मला काही करायचंच नव्हतं. ते तुम्हीच करणार होतात."

मी उठले. खाली उतरून त्यांच्या शेजारी बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं.

"पण मग बकुळच्या काकांचं नाव कुणी सांगितलं?"

"निरू, नावं विचारायला ते कुणाला नेत नाहीत गं. नावं त्यांच्याकडे आधीच असतात. जे बोलतात त्यांना कशाला नेतील? त्यांना घरी ठेवतात. नीट ठेवतात. मुलाबाळांत."

"मग तुम्हाला का नेलं?"

"विनोद केला म्हणून." ताई हसल्या. तेच त्यांचं पूर्वीचं हसू, नाकाला सुरकुत्या पडणारं. "पहिल्या दिवशी त्या पोराने मला तो म्हणून दाखवला. अगदी माझ्यासारखा हेल काढून, हात असे कमरेवर ठेवून. 'सम्राटांच्या नावेला पाळण्यासारखा उंच कठडा कशाला हो लावलाय? बाळ पाण्यात पडू नये म्हणून!' मला हसूच आलं. म्हटलं, बाबा, तू नाटकात जा."

माझे पाय पाण्यात होते ते तसेच राहिले.

"कुठे केला होता गं मी हा विनोद?" ताई नदीकडे बघत म्हणाल्या. "मला काही आठवत नाही बाई."

त्यांना आठवत होतं. त्यांना आठवत होतं हे मला त्यांच्या बघण्यावरूनच कळलं, कारण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. आणि मला तर सगळंच आठवत होतं.

मी नदी पार केली तो दिवस. दुपार. बाबांचं घाटावर सोडावॉटरचं दुकान होतं, दिगूभाऊंचं सोडावॉटर. समोर एक लांब बाक. अख्खी आळी त्या बाकावर यायची, बसायची, बोलायची. (हल्ली बाबा बाकावर कुणाला फार वेळ बसू देत नाहीत. तेव्हा तसं नव्हतं.) त्या दुपारी त्यांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या होत्या. आत आम्ही तिघंच: ओल्या केसांची, टॉवेल गुंडाळलेली मी, द्वारकाताई आणि बाबा. बाबांनी आमच्यासाठी गोटीच्या बाटल्या फोडल्या, फट्ट फट्ट. "माझी वाघीण!" म्हणून मला उचलायला गेले आणि पाठीत चमक भरली. मग तो विनोद झाला. माझ्या नाकातून सोडा बाहेर आला. बाबा तर हसून हसून जमिनीवरच आडवे झाले. मग उठले, एकदम गंभीर झाले आणि मला म्हणाले, "निरू, हे बाहेर बोलायचं नाही. घे शपथ." मी गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतली. बाबांच्या गळ्याचीही घेतली.

आणि पाळली. मी, जिच्या पोटात काही राहत नाही, तिने बकुळला नाही सांगितलं, मंदीला नाही, आईलासुद्धा नाही. अनेकदा जिभेवर आलेलं गिळलं.

तिघांपैकी एक मी. एक ताई.

"तू हो घरी आता," ताई म्हणाल्या. "नाहीतर तुझ्याशीही बोलायचं थांबतील सगळे."

"साक्षीचं काय झालं?" मी विचारलं. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

हे सांगायला हवं, कारण ताईंचं सगळं त्यावर अडलं होतं. जागलीतून परत आलेल्या माणसाला शेजारसाक्ष लागायची. पुढच्या पौर्णिमेच्या आत आळीतल्या कुणीतरी, चौदा पूर्ण झालेल्या कुणीही, त्याच्याबरोबर जागलीच्या चौकीवर जायचं, त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "हा आमचा." बास. एवढे दोनच शब्द. कुणीच आलं नाही तर तो माणूस कुणाचाच नाही, असं धरायचे आणि त्याला खाली दक्षिणेला, मिठागरांवर पाठवायचे. तिथून कुणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. पण साक्ष देणाऱ्याचंही नाव त्या माणसाशी बांधलं जायचं. पुढे कधी त्याला नेलं, तर साक्षीदारालाही न्यायचं, न विचारता. म्हणून साक्ष द्यायला कुणी जात नसे.

"पौर्णिमा उद्याच," ताई म्हणाल्या.

"कुणीच नाही म्हणालं?"

"नाही कुणी म्हणत नाहीत गं. एकाची कंबर धरली आहे. एकाकडे पाहुणे आहेत. शांताक्काने तर दारच उघडलं नाही, आतून म्हणाली, मी आंघोळीला गेलेय."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"बाबांना विचारलंत?"

"विचारलं की. 'बघू' म्हणाले." ताईंनी पाण्यातून पाय वर घेतले, पदराने पुसले. "गोड माणूस आहे तुझा बाबा. मला आल्याचा सोडा पाजला. पैसे घेतले नाहीत."

मी तिथून सरळ दुकानात गेले. जाताना मनात एकच चाललं होतं, दुसरं काहीतरी असेल. फळीला फट असेल. मागून कुणी ऐकलं असेल. होडीआळीत भिंती किती पातळ! बाबांना विचारलं की ते मोठ्याने हसतील आणि म्हणतील, अगं वेडे, अमक्याने ऐकलं ना ते.

दुकानापुढे चपला होत्या. नीट जोडलेल्या, टोकं रस्त्याकडे.

बाबांना न्यायला आले! आणि खोटं कशाला सांगू, त्या भीतीतसुद्धा क्षणभर मला बरं वाटलं. न्यायला आले म्हणजे बाबा त्यांच्यातले नाहीत.

पण तो माणूस बाकावर पाय हलवत आरामात बसला होता. तरुण, गोरा, साधा सदरा. बाबा त्याच्यासाठी सोडा करत होते. काय हवं, गोड की खारा, आल्याचा की लिंबाचा, काही विचारलं नाही. काळं मीठ घातलं, लिंबू अर्धंच पिळलं, वर चिमूटभर जिरं. त्याने एक घोट घेतला आणि मान हलवली, जशी नेहमीच्या गिऱ्हाइकाने हलवावी.

"ही आपली कन्या?" तो म्हणाला. "नदी पार केली म्हणे."

"हो," मी म्हटलं.

"भीती नाही वाटली?"

"मधोमध गेल्यावर वाटली."

"मग?"

"मग काय? मागे यायलासुद्धा तेवढंच पोहावं लागलं असतं."

तो हसला, अगदी मनापासून. "वा! छान बोलते. घरात असंच मोकळं बोलणं असतं वाटतं?"

"छे छे, साहेब," बाबा म्हणाले. इतक्या पातळ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पोरगी वाचाळ आहे जरा. लहान आहे अजून."

"असू द्या हो. बोलकी माणसं आम्हाला आवडतात. त्रास असतो तो गप्प माणसांचा." त्याने ग्लास ठेवला. "आमच्या द्वारकाताई काय म्हणतात? तब्येत सुधारली ना? आळी करते ना विचारपूस?"

"करतो ना साहेब."

"करा. शेजारी कशाला असतात?" चपला घालून तो निघाला. बाबांनी फडक्याने बाक पुसला. तो जिथे बसला होता तेवढाच.

"काय गं, शाळा नाही का आज?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "ये, तुला करून देतो एक. गुलाबाचा?"

मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

शाळेत बकुळ माझ्या बाकावर बसली नाही. मी शत्रूशी बोलले होते ना! मंदीने चिठ्ठीबिठ्ठी न पाठवता सरळ येऊन सांगितलं, "तू तिच्या शेजारी बसलीस, आम्ही पाहिलं. पैज विचारण्याची होती, बसायची नव्हती." मला सांगायचं होतं, ओरडून सांगायचं होतं, की बकुळ, तुझे काका कुणामुळे गेले ते... पण पुढचं वाक्य तोंडातून निघालं की मी घरी कशी जाणार होते? पाचही तास मी फळ्याकडे बघत होते. सरांनी एकदा विचारलंही, "निरुपमा आज मौनात का?" आणि सगळा वर्ग हसला.

संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. आई भाकरी थापत होती, मी आणि बाबा पाटावर. बाबा बोलत होते. ते नेहमीच बोलायचे, जेवताना त्यांच्या गोष्टींना खंड नसायचा. लोहाराच्या बायकोने आज काय केलं, कुणाच्या बोकडाने कुणाचं धोतर खाल्लं. मी आजवर त्या गोष्टींवर किती हसले होते! त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं, की त्यांच्या प्रत्येक गोष्टीत कुणीतरी काहीतरी बोललेलं असतं.

"बाबा, नावेच्या कठड्याचा विनोद तुम्ही कुणाला सांगितलात?"

आईचा हात परातीत थांबला.

"कुठला विनोद?" बाबा म्हणाले.

"बाळ पाण्यात पडू नये म्हणून."

"हां, तो! कुणाला नाही. तूच कुठे..."

"मी गळ्याची शपथ घेतली होती. माझ्या आणि तुमच्या."

"जेवताना हे विषय नकोत," आई म्हणाली. "भाकरी घे गरम."

"आई, तुला माहीत आहे?"

आईने भाकरी तव्यावर टाकली, कडेने पाणी फिरवलं. म्हणजे माहीत होतं.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं रागावतील. आणि रागावले असते तर मला किती सोपं गेलं असतं! पण ते अगदी समजावण्याच्या आवाजात बोलायला लागले, पोहायला घाबरणाऱ्या लहान पोरीशी बोलावं तसं.

"दर आठवड्याला काहीतरी द्यावं लागतं गं त्यांना. मी हलकंफुलकं देतो. मुद्दाम. कुणाचं भांडण, कुणाची थट्टा. खरं काही असेल ते मी गिळतो, देवाशपथ गिळतो. तुला काय वाटतं, या बाकावर मी काय काय ऐकलंय? ते दिलं असतं तर अर्धी आळी गेली असती. मी वाचवतो त्यांना. मला वाटलं, विनोद आहे, ते पण हसतील. हसले पण!"

"आणि बकुळच्या काकांचं काय दिलंत? तेही हसण्यासारखंच होतं?"

बाबांनी ताट पुढे सरकवलं.

"तू पाच वर्षांची होतीस," आई म्हणाली. ती आमच्याकडे पाठ करूनच बोलत होती. "आपल्या दारात होत्या त्या चपला. सकाळी मी सडा घालायला दार उघडलं आणि बघते तर... तुझ्या बाबांना घेऊन गेले. दुपारी परत आले. त्या दुपारनंतर या घरातून कधी कुणाला नेलेलं नाही. तुला शाळा मिळाली. नदी मिळाली. रात्री झोप लागते तुला. या आळीत किती जणींना लागते?"

"बकुळला लागत नाही," मी म्हटलं.

"मला बकुळचं सांगू नकोस! मी तुझी आई आहे, बकुळची नाही!"

भाकरी करपली. आईने ती हातानेच उचलून बाजूला टाकली. बोट भाजलं तरी काही म्हणाली नाही.

मला रडू येत होतं आणि मला रडायचं नव्हतं. सगळ्यात वाईट काय होतं सांगू? माझे बाबा बदललेले दिसत नव्हते. तेच कान, तोच गालावरचा तीळ, सोड्याने फाटलेली तीच बोटं. मला उचलायला गेल्यावर ज्यांच्या पाठीत चमक भरली होती, तेच. मी त्यांच्या गळ्याची शपथ तोडली तर ते मरतील, या भीतीने महिनाभर ओठ शिवून बसले होते.

"बाबा, उद्या पौर्णिमा आहे. ताईंबरोबर तुम्ही जा साक्षीला."

"अगं, कसं शक्य आहे? मी गेलो तर त्यांना वाटेल की हा..." ते थांबले. "आणि आळीला काय वाटेल? दिगूभाऊ त्या बाईची साक्ष देतो? बाकावर कोण येईल मग? बाकावर कुणी आलं नाही तर मी त्यांना काय देणार? मग आपल्या दारात चपला येतील, निरू. तुला कळतंय का?"

मला कळत होतं. सगळंच कळत होतं, पहिल्यांदाच एवढं स्वच्छ. बाबा बोलत राहिले. द्वारकाताई एकटी बाई आहे, मागे-पुढे कुणी नाही, मिठागरावर काय, माणसं राहतातच की. आपण तिघं आहोत. विचार कर. आई म्हणाली, हात धू आणि झोप जा, सकाळपर्यंत डोकं थंड होईल.

मी हात धुतले. पण झोपायला गेले नाही. त्या दोघांच्या समोर, चुलीपाशी येऊन उभी राहिले. आणि जो मोठा आवाज माझ्या घराला नकोसा वाटायचा, तो मी मुद्दाम लहान केला. दारं-खिडक्या उघड्या होत्या.

"उद्या सकाळी मी जाणार आहे ताईंबरोबर चौकीवर. मला चौदा कधीच पूर्ण झाली."

"निरू!"

"ऐका ना बाबा, तुम्हाला तर ऐकायची सवय आहे. मी त्यांचा हात धरणार आणि ही आमची म्हणून सांगणार. म्हणजे उद्यापासून ताईंना नेलं की मलाही नेतील. तुम्ही त्यांचं काहीही सांगितलंत, अगदी हलकंफुलकं, हसण्यासारखं, तरी दोघींना नेतील." आईने तोंडावर पदर धरला. "माझं ठरलंय. आता काय सांगायचं आणि काय नाही, ते तुम्ही ठरवा."